कापडी पिशवी आणि कष्टाचा हिशेब



मी विद्वान वक्ता नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा प्लॅस्टिकवर शास्त्रीय विवेचन माझ्याकडून घडणार नाही. माझी अडचण तेवढी आपल्यापुढे मांडतो.

2018 च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड! पुढे थोड्याच दिवसांत पिशव्यांच्या एका कारखान्यातले कामगार माझ्या दारी आले. मालकाने फाटकाला कुलूप ठोकले होते आणि हिशेब चुकता केला नव्हता. मी त्यांच्यासाठी भांडलो. तशी वेळ आली तर पुन्हा भांडेन.

पण त्याच सुमारास कचरा वेचणाऱ्या भगिनींशी बोलणे झाले. पुण्यात 1993 पासून त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. एक बाई म्हणाली, "भाऊ, दुधाची पिशवी धुऊन द्या, तिला भाव आहे. ही वेफरची चकचकीत पिशवी कोण घेतो?" खरेच आहे. तिच्यात प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर असे चिकटलेले असतात की ते सोडवणे परवडत नाही. भंगारवाला ती परत फेकतो. आणि आपण शिळी आमटी पिशवीत बांधून टाकतो, ती गाठ या बाईला हाताने सोडावी लागते.

दुधाच्या पिशवीचा कोपरा आपण कातरून टाकतो. पिशवी भंगारात जाते, पण नखाएवढा तुकडा वेचणार कोण? तो गटारात जातो. कापताना कोपरा लोंबता ठेवावा, इतकेच.

घरी मात्र माझे भाषण चालत नाही. मंडईत पिशवी विसरून तीनदा परत आलो, तेव्हा मंडळींनी ती चपलांशेजारच्या खुंटीला टांगली. मटणाला डबा नेला, तर खाटीक हसला. आता तो आधी रिकाम्या डब्याचे वजन करतो.

रोजंदारीचा माणूस शाम्पूची एक रुपयाची पुडी घेतो, त्याला मात्र कृपा करून उपदेश करू नका. अख्ख्या बाटलीचे पैसे त्याच्या खिशात एकदम नसतात. पुडी बनवणाऱ्याने ती परत गोळा करावी, असे 2016 चे नियम सांगतात. विचारायचे तर त्याला विचारा. ज्यांच्या घरी वाण्याकडून महिन्याचे सामान येते त्यांनी, म्हणजे आपणच, डबे आणि पिशव्या न्याव्यात.

त्या कारखान्यातल्या काही जणांच्या घरी आता कापडी पिशव्या शिवतात. व्यापारी नगामागे जी मजुरी देतो, तीत दोऱ्याचा खर्चही शिवणारीचाच. त्या दरासाठी उद्या सकाळी मला त्याच्या पेढीवर जायचे आहे.