ख्रिस्ती नीतीचे अधिष्ठान

एखादे कृत्य ईश्वराने आज्ञापिले म्हणून योग्य ठरते, की मुळात योग्य असल्यामुळेच ईश्वर त्याची आज्ञा करतो, हा प्रश्न ग्रीकांच्या काळापासून चालत आलेला असून ख्रिस्ती पंडितांनी त्यावर शतकानुशतके खल केला आहे. पहिला पक्ष स्वीकारावा, तर ईश्वराने उद्या क्रौर्याची आज्ञा केल्यास क्रौर्यही पुण्य ठरेल. दुसरा स्वीकारावा, तर ईश्वराच्याही वर एखादा कायदा मानावा लागेल. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने या पेचातून काढलेली वाट मला अद्यापही सर्वांत समाधानकारक वाटते. शाश्वत नियम म्हणजे ईश्वराची लहर नव्हे, किंवा त्याच्यावर लादलेला हुकूमही नव्हे, तर ती त्याची स्वतःचीच प्रज्ञा होय. आणि बुद्धीच्या द्वारे त्या प्रज्ञेत मनुष्यमात्राला जो वाटा मिळतो, तोच निसर्गनियम.

हा केवळ शास्त्रार्थ नव्हे. 1511 सालच्या डिसेंबरात कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर अंतोनिओ दे मोंतेसिनोस या डोमिनिकन साधूने, ज्यांना स्पेनच्या राजसत्तेने तेथील मूळ रहिवासी वेठीला लावून दिले होते अशा वसाहतवाल्यांना भर प्रवचनात बजावले, की या माणसांची मनुष्यता नाकारून तुम्ही घोर पापात राहत आहात. राजाची मान्यता वसाहतवाल्यांच्या पाठीशी होती. साधूपाशी निसर्गनियम आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ख्रिस्ताची आज्ञा एवढेच होते. बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरूही अशाच वेठबिगारांचा धनी होता. 1514 मध्ये त्याने तो हक्क सोडला, आणि पुढे 1550-51 साली स्पेनमधील वायादोलिद येथे झालेल्या वादात, काही माणसे स्वभावतःच दास असतात या ॲरिस्टॉटलच्या मताचा आधार घेणाऱ्या सेपुल्वेदा या स्पॅनिश पंडिताला त्याने, सर्व मानवजात बुद्धियुक्त आहे, असे ठासून उत्तर दिले.

मात्र याच पुरुषाने, मूळ रहिवाशांचा भार हलका व्हावा म्हणून, आरंभीच्या काळात आफ्रिकी गुलाम आणावेत अशी शिफारस केली होती, आणि हे सांगितल्यावाचून त्याची थोरवी सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सदसद्विवेकबुद्धी ईश्वरदत्त असली तरी अचूक नसते; तिला माहितीची, विचाराची आणि पश्चात्तापाची गरज असते, हे ख्रिस्ती नीतिशास्त्राने कधी नाकारलेले नाही. ते गुलाम अन्यायाने पकडलेले असतात हे उमगल्यावर लास कासासने आपल्या इतिहासग्रंथात स्वतःचा दोष नमूद केला, आणि आपले अज्ञान ईश्वराच्या न्यायासनापुढे आपल्याला दोषमुक्त करील की नाही, याबद्दल शंका व्यक्त केली.

गुलाम नेण्याचे परवाने खुद्द स्पेनच्या राजाने दिलेले होते. योग्यायोग्यतेचा आधार केवळ अधिकाऱ्याच्या आज्ञेत असता, तर लास कासासला अपराधी वाटण्याचे काहीच कारण नव्हते.