विद्यापीठातील संगणक आणि ज्ञानाची मालकी



संगणक कसा वापरावा, याची नियमावली आज बहुतेक विद्यापीठांत आहे. दुसऱ्याचा पासवर्ड वापरू नये, दुसऱ्याचे काम अडवू नये, जाळ्यावर अवाजवी भार टाकू नये, हे नियम न्याय्यच आहेत. विद्यापीठाचे जाळे सामाईक विहिरीसारखे असते. एकानेच उपसा केला तर बाकीचे तहानलेले राहतात. परंतु नियम मोडणाऱ्याशी संस्थेने कसे वागावे आणि नियम कोणाचे हित राखतो, हेही नीतीचेच प्रश्न आहेत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे उदाहरण घ्या. २०१० च्या सप्टेंबरपासून ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने तेथील जाळ्यातून 'जेस्टोर' संग्रहातील लक्षावधी संशोधनलेख उतरवून घेतले. परिणामी ऑक्टोबरमध्ये जेस्टोरने काही दिवस संपूर्ण संस्थेचाच प्रवेश बंद केला. निरपराध विद्यार्थी व संशोधकांना झळ पोहोचली, हे स्वार्ट्झच्या चाहत्यांनीही विसरता कामा नये.

६ जानेवारी २०११ रोजी त्याला अटक झाली. त्याने लेख परत केले व जेस्टोरने आपल्यापुरते प्रकरण मिटविले. सरकारी वकिलांनी मात्र २०१२ मध्ये आरोपांची संख्या तेरावर नेली. संस्थेने 'तटस्थ' राहणे पसंत केले. खटला सुनावणीस येण्यापूर्वीच, ११ जानेवारी २०१३ रोजी, सव्वीस वर्षांच्या स्वार्ट्झने आत्महत्या केली. एवढ्या विषम सत्तासंघर्षात शिक्षणसंस्थेची तटस्थता बलवानाच्याच पथ्यावर पडते.

मुळात संशोधनाचा मोठा खर्च सार्वजनिक निधीतून होतो. लेख लिहिणाऱ्यांना व तपासणाऱ्यांना नियतकालिके सहसा मोबदला देत नाहीत. तरीही तेच लेख वाचण्यासाठी विद्यापीठांना जबर वर्गणी मोजावी लागते.

आपल्या देशात हाच प्रश्न छायाप्रतींच्या निमित्ताने उभा राहिला. २०१२ मध्ये विदेशी प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ व त्याच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध दावा लावला. विद्यार्थी व प्राध्यापक संघटित होऊन न्यायालयात उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. अपिलात काही मुद्दे फेरसुनावणीस गेले. परंतु २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

तेव्हा सहाध्यायांचे काम सुरक्षित राखणारा नियम कसोशीने पाळावा. ज्ञानाला कुंपण घालणाऱ्या नियमाविरुद्ध मात्र उघडपणे व संघटितपणे लढावे. एकट्याने रात्री कुलूप उघडणाऱ्याला एकटे गाठणे सोपे जाते. म्हणूनच संगणकाची नियमावली ठरविणाऱ्या समितीत विद्यार्थी व कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत, ही मागणी प्रत्येक विद्यापीठात लावून धरली पाहिजे.