आईचा दुखरा पाय

हिचकॉकचा १९६४चा ‘मार्नी’ हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. नाव बदलून नोकरी धरायची, तिजोरी रिकामी करून पसार व्हायचं, हा मार्नीचा उद्योग. चोरीतले पैसे मात्र बाल्टिमोरला आईकडे पोचतात, आणि खरं रहस्य आहे ते त्याच घरात. आई शेजारच्या पोरीचे केस विंचरते. मार्नीनं मांडीवर डोकं ठेवलं की पाय दुखतो म्हणते. लाल रंग दिसला, वीज कडाडली की मार्नी थरथरते. का, ते तिलाच ठाऊक नाही.

साठी उलटलेल्या चित्रपटाचा शेवट सांगायला हरकत नसावी. लहानपणी, एका वादळी रात्री, आईकडे आलेल्या खलाशाला मार्नीनंच मारलं होतं. खून आईनं स्वतःवर घेतला. पायही त्याच झटापटीत जायबंदी झाला. लेकीला काहीच आठवत नाही हा देवाचा कौल समजून ती गप्प राहिली.

हा उलगडा मला जरा सोपाच वाटतो. चटका लागतो तो पुढं. जगात तुझ्याइतकी माया मी कुणावरच केली नाही, असं आई सांगते. मार्नी पुन्हा तिच्या मांडीवर डोकं टेकते. आई म्हणते, ऊठ, पाय दुखतोय.