मनाचा आजार ओळखावा कसा?

श्रोतेहो, तुमच्या वाडीत किंवा शेजारच्या गावात असे एखादे घर तुम्हांला ठाऊक असेल. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. कालपर्यंत रापणीला जाणारा, दशावतारात हौसेने सोंग घेणारा. आता तो माजघराच्या अंधारात बसून असतो. वेळेवर जेवत नाही, रात्री झोपत नाही, एकटाच कोणाशी तरी बोलतो. घरची माणसे हळूच सांगतात, ‘तेका कायतरी भायरचा लागलासा दिसता.’ मग घाडी होतो, अंगारा होतो, देवाला कौल लावून होतो. यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात. आज मला बोलायचे आहे ते या फुकट गेलेल्या वर्षांविषयी.

या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात, मराठीत छिन्नमनस्कता. हे नाव स्वित्झर्लंडमधील डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिले. दुभंगलेले मन, असा त्याचा अर्थ. पण एका माणसात दोन माणसे, असे मात्र समजू नका. विचार, भावना आणि वागणे यांची एरवी असलेली सांगड सुटते, एवढाच त्याचा अर्थ. होडी तीच असते. पण सुकाणू एकीकडे आणि वल्ही दुसरीकडे ओढू लागतात.

आता हा आजार ओळखायचा कसा? रक्त तपासून किंवा फोटो काढून तो दिसत नाही. रक्ततपासणी करतात ती दुसरे काही कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. थायरॉइडचे दुखणे, फिट्स, मेंदूची सूज, दारू, गांजा यांनीही माणूस असा वागू शकतो. ते बाजूला काढल्यावर डॉक्टर रोग्याशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलतात. ते मुख्यतः पाच गोष्टी पाहतात. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, म्हणजे भास. ‘माझ्या जेवणात विष घालतात’ अशी कशानेही न हलणारी खोटी समजूत, म्हणजे भ्रम. बोलण्याला धरबंध नसणे. वागणे विस्कळीत होणे. आणि उमेद, भावना, बोलणे आटत जाणे. यांपैकी किमान दोन लक्षणे महिनाभर टिकली, त्यांत पहिल्या तिनांपैकी एक तरी असले, आणि एकूण बिघाड सहा महिने चालू राहिला, तर आज जगभर वापरल्या जाणाऱ्या एका कसोटीप्रमाणे हे निदान होते. यासाठी सहा महिने घरी वाट पाहावी असे मात्र नव्हे. डॉक्टरांकडे पहिल्याच महिन्यात जावे.

तुम्ही विचाराल, जत्रेत अवसर येतो तोही आजारच का? नाही. ज्याच्या अंगात अवसर येतो, तो दुसऱ्या दिवशी पहाटे होडी घेऊन समुद्रावर जातो, संध्याकाळी बाजाराचा हिशेब करतो. सगळा गाव जे मानतो ते मानणे, हा आजार नव्हे. ज्याचे काम, नाती, झोप, भूक सारेच ढासळत जाते, तो आजारी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्यासाठी एक कबुली देतो. माझ्या वर्गात एक चांगला मुलगा होता. दुसऱ्या वर्षी तो मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. उत्तरपत्रिकेत वाक्ये अर्धवट राहू लागली. मी साऱ्या वर्गासमोर त्याला आळशी म्हटले. त्याच महिन्यात मी हाच आजार फळ्यावर लिहून शिकवत होतो! पुढे त्याचे वडील आले आणि म्हणाले, ‘सर, तेका वाटता, वर्गातली पोरां तेच्या मनातला वाचतत.’ तेव्हा माझे डोळे उघडले. मुलगा आज औषधे घेतो, वडिलांचे दुकान सांभाळतो. काही दिवस बरे जातात, काही जड जातात. पण ते आठ महिने मी त्याला परत देऊ शकत नाही.

हा आजार करणीने होत नाही, आईच्या लाडानेही होत नाही. आनुवंशिकता, मेंदूतील रसायनांचा बिघाड आणि आयुष्यातील ताण यांचा तो मेळ असतो. पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमझीन हे पहिले औषध वापरात आले. त्यानंतर पुष्कळ नवी औषधे आली. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने थांबवणे हीच मोठी चूक ठरते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तिघांपैकी निदान एक जण पूर्ण बरा होऊ शकतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटात कोकणातल्याच अशा एका तरुणाची आणि त्याच्या बहिणीची कथा आहे. जमल्यास घरच्यांनी मिळून पाहावा.

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासूनचे आहे. त्याच्या नावाने आपण पिढ्यान्‌पिढ्या चेष्टा केली. त्या चेष्टेपायीच कित्येकांनी तेथली पायरी चढली नाही. आज १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’कडे घरबसल्या, फुकट विचारता येते. रोग्याला साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्याने बंद केले आहे.

देवाला गाऱ्हाणे जरूर घाला. ते घालून झाले की त्याच दिवशी मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जा. देव त्याला नको म्हणणार नाही.