ऑपरेशननंतर म्हातारं माणूस बरळायला लागलं तर...

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त घाटनांदूर येथे दिलेले व्याख्यान)



विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. त्याला हगवण लागली होती. तो घाणीत पडून होता, कोणी जवळ जात नव्हतं. तथागतांनी आणि आनंदाने स्वतः त्याला न्हाऊ घातलं, उचलून खाटेवर निजवलं. आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असं त्यांनी संघाला समजावलं. आजचा माझा विषय याच सेवेचा आहे.

माझे वडील सत्तरी ओलांडल्यावर पाय घसरून पडले, खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. पण दुसऱ्या रात्री ते मला ओळखेनात. "बैलं सोडा, पाऊस आला" म्हणत उठू लागले, सलाईन ओढून काढली. एक पाहुणे म्हणाले, "बाहेरचं दिसतंय, दाखवून आणू." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मी, पण खोटं कशाला बोलू, क्षणभर माझंही मन डळमळलं.

तेवढ्यात रात्रपाळीच्या सिस्टरांनी तीन प्रश्न विचारले. चष्मा कुठं आहे? लघवी कधी झाली? दारूची सवय होती का? दारू नव्हती. चष्मा घरी राहिला होता. लघवी मात्र तुंबली होती. नळी टाकली, सकाळी चष्मा आणला, आम्ही आळीपाळीने उशाशी बसलो. चार दिवसांत वडील ताळ्यावर आले.

आपली जुनी माणसं याला 'वात झाला' म्हणत. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. हे भूत नाही, वेडही नाही. बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत हे होतं, दिवसा कमी, रात्री जास्त. कोणी बडबडतो, तर कोणी नुसता गप्प पडून राहतो. या गप्प माणसाकडे आपलं लक्षच जात नाही! जंतुसंसर्ग, दुखणं, अंगातलं पाणी किंवा प्राणवायू कमी होणं, मलावरोध, काही औषधं, ही त्याची कारणं. म्हणून कारण शोधणं हाच खरा उपचार. झोपेच्या गोळीने बऱ्याचदा बिघाड वाढतो. हातपाय बांधल्याने माणूस अधिक घाबरतो.

भुलीला सगळा दोष देऊ नका. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये पाठीतल्या इंजेक्शनची भूल आणि पूर्ण भूल यांची तुलना २०२१ व २०२२ साली मोठ्या अभ्यासांत झाली. भ्रमाच्या प्रमाणात विशेष फरक आढळला नाही.

काहींची स्मरणशक्ती मात्र नंतरही मंद राहते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या रुग्णांपैकी आठवड्यानंतर सुमारे २६ टक्के, तर तीन महिन्यांनी सुमारे १० टक्के लोकांत असा फरक दिसला. म्हणजे पुष्कळजण सुधारतात. धीर धरा, पण तीन महिन्यांनंतरही विसर राहिला तर पुन्हा दाखवा.

१९९९ साली अमेरिकेतील येल येथील अभ्यासात दवाखान्यातील सत्तरीपुढच्या रुग्णांची साधी काळजी घेतली गेली. चष्मा व कानाचं यंत्र देणं, पाणी पाजणं, चालवणं, रात्री शांत झोपू देणं, आज वार कोणता, आपण कुठं आहोत हे सांगत राहणं. भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आलं. तिथं त्यासाठी स्वयंसेवक लावले होते. आपल्याकडे तर घरचं माणूस उशाशी असतंच!

तेव्हा अंबाजोगाईला असो की लातूरला, ऑपरेशनआधी डॉक्टरांना सगळं सांगा : चालू गोळ्या, पूर्वीचा विसरभोळेपणा, आणि दारूसुद्धा. पंचशील मोडल्याची लाज वाटून दारू लपवू नका. ती एकाएकी तुटली तर जिवावर बेततं. डॉक्टर सांगतील तेव्हा लवकर उठवून बसवा, चालवा. बरळणं सुरू होताच सिस्टरांना कळवा.

आणि भगताकडे नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला कारण शोधायला शिकवलं. म्हातारा बाप आपल्याला ओळखत नाही, त्या रात्री त्याचा हात हातात धरून कारण शोधणं, हीच आपल्या धम्माची परीक्षा आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!