हरवलेली पावलं

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं, त्यात गणित टळेल हाही हिशेब होता. त्यामुळे मी आकाशवाणीवर मोटरींबद्दल बोलणार म्हटल्यावर घरात सगळे हसले. पण एका सागवानी फळीनं मला जे शिकवलं, ते आज सांगायचं आहे.

माझा पुतण्या आयटीआय झालेला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं लाकडावर अक्षरं कोरणारं सीएनसी यंत्र स्वतः जोडलं. कोरणारं हत्यार तीन दिशांना सरकवायला तीन स्टेपर मोटरी. ही मोटर पंख्यासारखी नुसती गरगरत नाही, पावलं टाकते. एका फेऱ्यात २००. त्याच्या यंत्रात एका फेऱ्याला हत्यार ५ मिलिमीटर सरकतं. संगणक पावलं मोजून हुकूम देतो, पण पाऊल खरंच पडलं का, हे पाहत नाही.

पहिलं काम आलं एका शाळेच्या पाटीचं. फळी शाळेची, मजकूर माझा. निम्मी पाटी झकास उतरली. मग पुढच्या अक्षराकडे झपकन जाताना मोटर किंचाळली आणि तिथून शिरोरेखा अर्धा सेंटिमीटर खाली घसरली. म्हणजे २०० पावलं हरवली! यंत्र मात्र शेवटपर्यंत निमूट कोरत राहिलं. गझलेत एक मात्रा गळाली तरी ऐकणारा टोकतो. इथं टोकणारं कोणी नव्हतं. फळीचे पैसे भरून द्यावे लागले.

"चाचा, मोटरी कमी पडतायत. याहून मोठ्या घेतो," पुतण्या म्हणाला. आधीच्याच मोटरींसाठी त्याच्या अम्मीनं बचत गटातून कर्ज काढलेलं. मी म्हटलं, "बेटा, एकदा तुझ्या सरांना तरी विचार."

त्याचे आयटीआयमधले निवृत्त निदेशक आले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मोटर कशावरून निवडलीस?" मोटरच्या माहितीपत्रकात सगळ्यांत मोठा आकडा ताकदीचा होता, त्यावरून. सर म्हणाले, "अरे, ती थांबलेल्या मोटरची पकड. धावताना ती किती उरते, ते पाहिलंस का?"

मग त्यांनी मला कळेल असं समजावलं. प्रत्येक पावलाला मोटरच्या वेटोळ्यात करंट भरावा लागतो. वेटोळं त्याला लगेच चढू देत नाही. या अडवणुकीचं माप म्हणजे इंडक्टन्स. मिनिटाला ३ मीटर वेगानं सरकायचं, तर सेकंदाला २,००० पावलं पडतात. एका पावलाला अर्धा मिलिसेकंद. पुतण्याचा पॉवर सप्लाय २४ व्होल्टचा, इंडक्टन्स ८ मिलिहेन्री, करंट २.१ अँपिअर. ढोबळ हिशोबानं करंट भरायलाच ०.७ मिलिसेकंद लागत होते. पाऊल पडणार कसं?

उपाय त्याच मोटरीत होता. तिला आठ तारा होत्या. पुतण्यानं त्या सिरीजमध्ये जोडल्या होत्या. पॅरलल जोडल्यावर इंडक्टन्स चौथाईवर, २ मिलिहेन्रीवर आला. करंट मात्र दुप्पट, ४.२ अँपिअर लागू लागला. व्होल्ट किती चालतील? एक रूढ आडाखा आहे: इंडक्टन्सच्या वर्गमुळाला ३२ नं गुणायचं. उत्तर सुमारे ४५. ड्रायव्हरची मर्यादा ५० व्होल्टची, पण वेगातली मोटर थांबताना उलट वीज ढकलते, म्हणून जागा राखायची. ३६ व्होल्टचा सप्लाय ठरला. तीन मोटरींचे १२.६ अँपिअर, पण सप्लायवर साधारण दोन तृतीयांशच भार येतो, म्हणजे ८.४. त्यामुळे ३५० वॉटचा सप्लाय पुरला.

मी घाबरलो. मोटरवर तर जेमतेम ३ व्होल्ट लिहिलेले! सर हसले. करंटला लगाम ड्रायव्हर घालतो. मोटर थेट सप्लायला जोडली तर मात्र जळेल. आणखी एक ताकीद त्यांनी दिली, वीज चालू असताना मोटरची तार कधी उपसायची नाही, ड्रायव्हर जातो.

खर्च झाला तो एका सप्लायचा. नव्या मोटरी घ्याव्या लागल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी दुसरी फळी दिली. त्या दिवशी अम्मी शेडच्या दारातच उभी होती. पाटी पूर्ण होईपर्यंत कोणी बोललं नाही. शिरोरेखा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आली.

चुकलेली फळी पुतण्यानं टाकली नाही. नवं काम घेण्याआधी तिच्या पाठीवर तो यंत्र भरवेगानं पळवतो आणि परत जागेवर आणतो. सुई निघाली तिथंच टेकली, तरच गिऱ्हाइकाच्या लाकडाला हात लावतो.