बाळाच्या हाती फुलपात्र

(प्राथमिक शिक्षक-शिक्षिकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



बाळाचे दूध पिणे हा विषय शिक्षकांच्या मेळाव्यात कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शाळेच्या पटावर मुलाचे नाव चढते ते सहाव्या वर्षाच्या सुमारास. त्यापूर्वीचे मूल आईचे, आजीचे आणि फार तर अंगणवाडीचे. परंतु कित्येक गावांत अंगणवाडी शाळेच्याच आवारात भरते आणि तिच्या ओसरीवर तीन वर्षांचे मूल दुधाची बाटली चोखीत बसलेले आढळते. तिसरी-चौथीतील एखाद्या मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ असतो व त्याच्याही तोंडात बाटली असते. बाटलीत दरवेळी दूधच असते असेही नाही; कधी पातळ चहा असतो, कधी साखरेचे पाणी. हे सारे शिक्षकाच्या डोळ्यांसमोर रोज घडते, आणि ज्या घरातून ते मूल येते त्या घरी शिक्षकाच्या शब्दाला आजही वजन आहे. म्हणून हा विषय.

‘बोंडले’ हा शब्द जुन्या पिढीच्या कानावरचा आहे. तान्ह्या बाळास दूध किंवा औषध पाजण्याचे ते चोचीचे लहानसे भांडे. ‘अजून बोंडल्याने दूध पितोस काय?’ असे म्हणून जाणत्या वयाच्या माणसास हिणविण्याची रीत भाषेत रूढ आहे; तीवरून एका विशिष्ट वयानंतर बोंडले सुटलेच पाहिजे, ही समज घरोघर किती पक्की होती ते कळते. बोंडल्याची आणखी एक खूण ध्यानात घेण्यासारखी आहे. ते बाळाजवळ ठेवून कोणासही उठून जाता येत नसे. पाजणारीला मांडी घालून बसावेच लागे.

रबरी बोंडाच्या बाटलीने ही अट काढून टाकली. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळीच्या बाटल्या प्रचारात आल्या. बाटली पाळण्यात ठेवावी, नळीचे टोक बाळाच्या तोंडात द्यावे आणि आईने कामास लागावे, अशी ती सोय होती. ती नळी आतून धुता येत नसे. तीत साचलेल्या, नासलेल्या दुधाने बाळे दगावू लागली, आणि अखेर १९१० साली फ्रान्समध्ये अशा बाटल्यांच्या विक्रीस कायद्याने बंदी झाली. आजची बाटली त्या मानाने पुष्कळ निर्धोक आहे. तथापि पाजणाऱ्या माणसावाचून दूध पाजण्याची सोय हा तिचा मूळ स्वभाव पालटलेला नाही. भारतात १९९२ साली अर्भकांच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या व बालअन्न यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला, तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला. त्यान्वये दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. गावच्या दुकानदारास हे ठाऊक असतेच असे नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर घरच्या मऊ अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही अंगावरचे दूध चालू, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. जिथे हे जमते तिथे बाटलीची मुळीच गरज नसते. उष्टावणाच्या सुमारास वाटी-चमचा आणि फुलपात्र घरात आले की काम भागते. परंतु आईचे आजारपण, मजुरी, कधी आईचाच वियोग, अशा नाना कारणांनी बाटली घरात येते. ती आली म्हणून आईस दोष देत बसणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ती वेळेवर जावी एवढेच पाहावयाचे आहे.

वेळेवर म्हणजे केव्हा? सहा महिन्यांचे मूल आधाराने बसू लागले की पेल्याची ओळख करून द्यावी, वर्षाच्या आसपास बाटली कमी करीत आणावी आणि दीड वर्षाच्या आत ती पूर्ण सोडवावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. याहून उशीर झाल्यास काय बिघडते, ते शिक्षकाने नीट समजून घेतले पाहिजे. कारण ‘अहो, पिऊ द्या की, लहान आहे’ हे उत्तर प्रत्येक घरात तयार असते.

पहिले म्हणजे दात. दुधातही साखरेचाच एक प्रकार असतो. बाटली तोंडात ठेवून मूल झोपी गेले की ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते, झोपेत लाळही कमी सुटते, आणि तोंडातील जंतू त्या साखरेचे आम्ल करून दात पोखरू लागतात. आरंभी हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते, मग ती तपकिरी होते, मग दाताचे तुकडे पडतात. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाने बहुधा वाचतात. अंगणवाडीत मूल हसले की वरचे दात किडलेले आणि खालचे शाबूत असे दिसते, त्यामागे पुष्कळदा हीच कथा असते. दुधाऐवजी गोड चहा असेल तर किडीची गती अधिकच.

दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती अधिक गंभीर मानावी लागते. एक लिटर गाईच्या दुधात लोह असते सुमारे अर्धा मिलिग्रॅम. दोन वर्षांच्या मुलाची रोजची गरज मात्र सात ते आठ मिलिग्रॅमची. बाटली हाताशी असलेले मूल दिवसभर थोडे थोडे दूध ओढीत राहते, त्याचे पोट भरलेले राहते आणि वरण-भात, भाकरीचा कुस्करा, भाजी यांकडे ते पाहतही नाही. आई म्हणते, ‘मूल जेवत नाही, निदान दूध तरी पिते’. वस्तुतः ते दूध पिते म्हणूनच जेवत नाही. अशा मुलाच्या रक्तात लोह कमी पडते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के रक्तक्षयी आढळली. या साऱ्याचे खापर बाटलीवर फोडता येणार नाही. दारिद्र्य, जंत, अपुरे अन्न अशी कारणे आहेतच. परंतु लोहाच्या कमतरतेत वाढलेल्या मुलाचे लक्ष टिकत नाही, ते लवकर थकते, आणि हेच मूल चार वर्षांनी पहिलीच्या वर्गात येऊन बसते. वर्षाच्या पुढच्या मुलास दिवसातून अर्धा लिटरपर्यंत दूध पुरेसे होते, हे पालकसभेत आवर्जून सांगण्यासारखे आहे.

हगवण ही तिसरी गोष्ट. बोंडाच्या खाचेत दूध राहते, उन्हाळ्यात ते काही तासांत आंबते. ब्रश आणि उकळते पाणी दरवेळी कोठून आणावयाचे? फुलपात्राचे तोंड रुंद असते. चिमूटभर साबण आणि स्वच्छ पाणी, एवढ्याने ते निर्मळ होते.

आता प्रत्यक्ष कृती. सुरुवात दुधाने करू नये, पाण्याने करावी. गोल, गुळगुळीत काठाचे लहान फुलपात्र किंवा वाटी घ्यावी, तीत दोन घोट पाणी असावे, बाळास मांडीवर ताठ बसवावे. काठ खालच्या ओठावर हलकेच टेकवून भांडे इतकेच कलते करावे की पाणी ओठाला लागेल. तोंडात ओतू नये. ओतले की ठसका लागतो आणि पेल्याची भीती बसते. बाळ आपण होऊन ओठ पुढे काढते, जीभ लावते, मग घोट घेते. पहिले आठ-दहा दिवस निम्मे पाणी अंगावर सांडते. ते सांडू द्यावे. सांडणे हा त्या शिक्षणाचा भाग आहे, आणि पाटीवरचा पहिला ‘ग’ वाकडा येतो हे जाणणाऱ्या शिक्षकाला तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

पाणी जमू लागले की दुपारची एक बाटली काढून तिच्या जागी पेल्यातून दूध द्यावे. दुपारचीच का, तर त्या वेळी मूल जागे असते, खेळते असते आणि बाटलीवाचून त्याचे फारसे अडत नाही. आठवडाभर ते अंगवळणी पडू द्यावे, मग दुसरी वेळ घ्यावी. रात्रीची बाटली सर्वांत शेवटी. तिच्यात दुधाहून ऊब आणि धीर अधिक असतो. म्हणून ती काढताना त्या जागी दुसरा धीर हवा. निजण्यापूर्वी पेल्यातून दूध, मग ओल्या स्वच्छ फडक्याने दात पुसणे, मग मांडी आणि ओवी. मूल हट्टच धरून बसले तर काही रात्री बाटलीत केवळ पाणी द्यावे. पाण्यासाठी रडणारे मूल विरळा. ताप, हगवण, घरात नवे बाळ येणे, गाव बदलणे, अशा दिवसांत हा उद्योग आरंभू नये.

बोंडाला मिरची किंवा कडुनिंबाचा रस लावण्याची युक्ती काही घरांत करतात. ती सोडून द्यावी. तिने मूल बाटली सोडते खरे, पण ज्या हातांनी ते दूध पिते त्या हातांवरचा त्याचा विश्वासही उणा होतो.

बाजारात झाकणाचे, चोचीचे पेले मिळतात. त्यांना सिपर म्हणतात. पुष्कळांत आत एक पडदा असतो, त्यामुळे तो उलटा केला तरी थेंब पडत नाही. आईला ही सोय वाटते. परंतु त्यातून दूध काढण्यास बाटलीसारखेच चोखावे लागते, म्हणजे मूल नवे काहीच शिकत नाही, आणि तो पडदा धुणे हेही एक दिव्यच. पडदा नसलेला, दोन कानांचा सिपर काही आठवडे चालेल. सरबत भरून तो दिवसभर हाती दिला, तर बाटली गेली काय आणि राहिली काय, सारखेच.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट निराळी. दिवाळीनंतर कोयता घेऊन गेलेली आई पहाटेच फडात असते, कोपीपाशी पाणी मोजके असते आणि बाळ सांभाळण्यास मागे राहते आठ-नऊ वर्षांची बहीण. बाटली अशा जागी सर्वांत घातक, आणि सर्वांत हवीशीही तीच. येथे शिक्षकाने जपून बोलले पाहिजे. ‘बाटली सोडा, पेल्याने पाजा’ एवढेच सांगितले तर ते काम त्या मुलीच्याच अंगावर पडते आणि तिची शाळा आणखी तुटते. म्हणून हे बोलणे आईशी जितके, तितकेच बापाशी आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशी झाले पाहिजे. पेल्याने दूध पाजावयास दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे पहाटे फडात जाण्यापूर्वी आणि सांजेला परतल्यावर मोठ्या माणसाने द्यावयाची आहेत. मधल्या वेळी बाळाला पातळ पेज किंवा मऊ भात मिळाला तर दुधाचा खोळंबा होत नाही.

१ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह. त्या आठवड्यात अंगणवाडी सेविकेच्या साहाय्याने माता-पालकांची एक बैठक घेता येईल. भाषणापेक्षा प्रात्यक्षिक बरे: एक धुतलेले फुलपात्र, दोन घोट पाणी आणि आईच्या मांडीवर एखादे नऊ-दहा महिन्यांचे बाळ. ते बाळ पाणी सांडेल, आया हसतील, आणि कोणीतरी आजी पुढे सरसावून काठ कसा धरावा ते स्वतःच दाखवू लागेल. तिला दाखवू द्यावे.